भिंतीला वाचून दाखवलेल्या गोष्टी

मी जन्माची भित्री. पालीला भ्यायचे, सासूबाईंच्या खाकरण्याला भ्यायचे, आणि लग्न होऊन गिरगावात आल्यावर इंग्रजीला भ्यायला लागले. हे शेवटचं भय आमच्या ह्यांनी दिलेलं.

बायकोनं इंग्रजी शिकावं अशी ह्यांना भारी हौस. पण वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी चार शब्द बोलायची चोरी, तिथं शिकवणार कसं? मग ह्यांनी एक शक्कल काढली. कचेरीतून आले, हातपाय धुतले, की बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि इंग्रज मुलांच्या गोष्टींचं एक जुनं पुस्तक मोठमोठ्यानं वाचायचे. एक वाक्य इंग्रजीत, लगेच त्याचा अर्थ मराठीत. सासूबाईंना सांगितलं होतं, साहेबापुढे जीभ वळावी म्हणून सराव करतोय. मी आत तांदूळ निवडत असे, कान मात्र बाहेर. अक्षर म्हणून एक डोळ्यांनी पाहिलं नाही. जे शिकले ते कानानं, आणि तेही आख्खी वाक्यंच्या वाक्यं.

गोष्टी तरी कसल्या! म्हणे लहान मुलांच्या. एकीतला राक्षस नोकरांना ओरडून सांगे, "टेक हर अवे!" म्हणजे, हिला घेऊन जा. हे तेव्हा असा काही आवाज काढत की माझ्या सुपातले तांदूळ भुईवर सांडत. दुसरीत अस्वलीण गुहेत पिल्लाला घेऊन निजलेली आणि बाहेर शिकारी आलेले. एक खार वाटेत आडवी होऊन त्यांना म्हणते, "शी इज नॉट सिक. शी हॅज अ लिटल वन." ती आजारी नाही, तिच्यापाशी तान्हं आहे. असल्या गोष्टी ऐकून इंग्रजांची मुलं गाढ झोपतात, असं ह्यांनी एकदा भिंतीला सांगितलं. मी मात्र डोळे टक्क उघडे ठेवून पडून राही.

त्यातच मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. अर्धी चाळ गावी पळाली. जाऊबाईंचे दिवस भरत आले होते म्हणून आम्ही राहिलो, आणि त्या आतल्या खोलीत बाळंत झाल्या, मुलगा झाला. इकडे सरकारी माणसं घरोघर तपासणी करत हिंडत होती. कुणाचं अंग तापलेलं दिसलं की डोलीत घालून इस्पितळात. तिथून परत आलेलं माणूस आमच्या चाळीनं अजून पाहिलं नव्हतं. जिन्यात बूट वाजले की मी दाराआड जाऊन उभी राही.

एका दुपारी ते बूट आमच्याच दाराशी थांबले. पुरुषमाणसं कचेरीत गेलेली. गोरा डॉक्टर आणि एक गोरी नर्सबाई थेट आत आली. दुभाषा म्हणून आणलेला माणूस खालच्या मजल्यावर दुसऱ्या साहेबाबरोबर अडकला होता. डॉक्टरानं बाळंतिणीच्या खोलीचं दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच थबकला. खिडक्या घट्ट लावलेल्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्या-शेपांची धुरी कोंडलेली, जाऊबाईंच्या डोक्याला फडकं गच्च बांधलेलं, तोंड लालबुंद, अंग घामानं निथळतंय. आम्हांला त्यात वावगं काही दिसत नव्हतं. बाळंतीण अशीच दिसायची.

त्यानं कपाळाला हात लावला, तोंडात काचेची नळी घातली, ती उजेडात धरून पाहिली आणि दाराकडे बघून हाक मारली. जिन्यातले डोलीवाले वर आले. जाऊबाईंनी बाळाला छातीशी आवळून किंकाळी फोडली. सासूबाईंनी त्याचे पाय धरले. "अहो साहेब, लेकुरवाळी आहे हो ती! नका हो नेऊ!" त्याला काय समजणार?

तेवढ्यात दाराआडून कुणीतरी बारीक किनऱ्या आवाजात बोललं, "शी इज नॉट सिक! शी हॅज अ लिटल वन!" ती मीच होते. आणि आवाज खारीचा, कारण वाचताना हे तो तसाच काढत आणि मला दुसरा येतच नव्हता.

डॉक्टर गर्रकन वळला. मी बाजेखाली बोट दाखवून "फायर, फायर" एवढं म्हणाले. त्यानं वाकून निखारे पाहिले, मग नर्सबाईशी भराभर काही बोलला. त्यातलं मला लागलं ते इतकंच: टुमॉरो, हॉट, आणि टेक हर अवे. मग सगळे निघून गेले.

सासूबाईंनी मीठमोहऱ्या घेऊन बाळाची दृष्ट काढली. शेजारणी मला पाहायला आल्या. मी मात्र शेगडीकडेच बघत होते. सगळ्या गेल्यावर मी कसंबसं म्हटलं, "सासूबाई, ते उद्या परत येणार आहेत. अंग गरम लागलं तर नेणार आहेत. शेगडी काढायला हवी."

"बाळंतिणीची शेगडी काढू?" त्या कडाडल्या. "अंगात वारा शिरला म्हणजे? माझी लेक सासरी अशीच गेली, शेक मिळाला नाही म्हणून!" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तुला नक्की कळलंय ना? की त्या राक्षसाच्या गोष्टीतलं सांगतेस?"

म्हणजे भिंतीला वाचून दाखवतात ते माझ्यासाठी, हे त्यांना ठाऊक होतं! पण त्या धक्क्यापेक्षा प्रश्नच मोठा होता. नेऊ म्हणाला की नेणार नाही म्हणाला? मधलं काही माझ्या कानातून निसटलं असेल तर? शेगडी काढली आणि जाऊबाईंना काही झालं, तर जन्मभर ह्या घरात तोंड कुठं लपवायचं? खात्री नव्हती. डोलीवाले मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"कळलंय," मी म्हटलं.

सासूबाईंनी चिमटा घेतला आणि एकेक निखारा बाहेर काढला. एक निखारा निसटून जमिनीवर पडला. जाऊबाई मुसमुसत होत्या. त्या वाऱ्याला भीत होत्या, सासूबाई मेलेल्या लेकीला, आणि मी सकाळ होण्याला.

ते आले. काचेची नळी पुन्हा तोंडात गेली. डॉक्टरानं ती उजेडात धरून पाहिली. मग तो म्हणाला, "शी इज वेल." नर्सबाईनं बाळाच्या गालाला बोट लावलं, आणि डोली रिकामीच जिना उतरली.

मी तिथंच भुईवर बसले. पोटभर रडले.

शाबासकी देण्याचा आमच्या घरात रिवाज नव्हता. दुपारी जाऊबाईंचा डोळा लागल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "शेवटी काय म्हणाला गं तो?"

"शी इज वेल. ती बरी आहे."

"पुन्हा म्हण."

मी म्हटलं. त्यांनी तोंडातल्या तोंडात घोळवलं. उरलेल्या चार दातांतून ते काही केल्या नीट निघेना. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा घोळवलं. मला हसू येऊ लागलं. "तुम्हांला कशाला हो हवंय हे?"

त्या चिडल्या. "हसतेस काय? तिच्यासाठी तू बोललीस. उद्या ते तुलाच न्यायला आले, तर दारात कोण बोलेल?"