जाळी न दिसणारा बिबट्या

फोटो काढताना निवृत्ती भोपळे मागे सरकतो. सव्वीस वर्षं तो मागेच सरकत आला आहे. नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर त्याचा स्टुडिओ आहे, पण आयुष्य गेलं मांडवांत. स्टेजवर नवरा-नवरी, त्यांच्या मागे दोन्हीकडची माणसं तीन रांगांत, आणि समोर डोळ्याला कॅमेरा लावून एकेक पाऊल मागे जाणारा निवृत्ती. असा मागे जाता जाता तो एकदा पाण्याच्या टाकीवर आदळला. एकदा त्याचा पाय वरणाच्या बादलीत गेला. तरी बटण दाबण्याआधी तो न चुकता मोठ्याने विचारतो, "कोणी राह्यलं का?"

ही सवय त्याला उगाच लागलेली नाही. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी संग्रामपूरकडच्या एका लग्नात नवरीचा मामा ग्रुप फोटोच्या कडेला अर्धा कापला गेला आणि मागच्या रांगेतली आत्या धूसर आली. मामाने ते मनाला लावून घेतलं. पुढे कित्येक वर्षं त्या दोन घरांचं येणं-जाणं बंद होतं, आणि बोल मात्र निवृत्तीला लागत राहिला. तेव्हापासून लेन्सच्या आतलं भोक, धंद्यात ज्याला अपर्चर म्हणतात, ते त्याने अकरावर नेऊन ठेवलं ते ठेवलंच. भोक बारीक असलं की पुढची रांग, मागची रांग, मांडवाचा पडदा, सगळं सारखंच स्वच्छ येतं. त्याचं बोट अंधारातही त्या आकड्यावर आपोआप जातं.

कुलदीप त्याच्याकडे शिकला. त्याची आई चांगुणाबाई भाजी विकते. नवरा गेल्यावर तिने एका टोपलीवर पोराला वाढवलं. सहा वर्षं कुलदीपने निवृत्तीमागे लाइट धरला, आणि मग रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, काचेचं दार लावून स्वतःचा स्टुडिओ टाकला. निवृत्तीने नारळ फोडायला जाऊन पेढाही खाल्ला. ते त्याला सोसलं असतं. सोसला नाही तो बिबट्या.

कुलदीप हाताखाली होता तेव्हाची गोष्ट. अल्बमचं काम लॅबमध्ये टाकायला दोघं गाडीने पाच तासांवरच्या शहरात गेले होते. परतीची गाडी संध्याकाळची, म्हणून वेळ काढायला प्राणिसंग्रहालयात शिरले. बिबट्याच्या पिंजऱ्यापुढे लोखंडी पाइपाचा कठडा होता आणि कठड्यापलीकडे हातभर अंतरावर जाळी. निवृत्ती सवयीने मागे सरकला, अकराचा आकडा लावला, फ्लॅश टाकला. कुलदीप पुढे गेला. पाइपाला पोट टेकवून त्याने लेन्स जाळीपासून वीतभर अंतरावर नेली, भोक होतं तेवढं सगळं उघडलं, आणि जनावर जाळीपासून दूर, मागच्या ओंडक्यावर जाईपर्यंत नुसता उभा राहिला.

"अबे, बिबट्याच्या तोंडात जातं का?" निवृत्ती हसून म्हणाला होता. ते हसणं त्याला आजही आठवतं, आणि आठवलं की त्याचे कान गरम होतात.

त्याच्या फोटोत आधी जाळी दिसायची, मग बिबट्या. फ्लॅशने प्रत्येक तार चांदीसारखी उजळून निघाली होती. कुलदीपच्या फोटोत जाळी दिसतच नव्हती. ओंडक्यावरून मान वळवून बघणारं जनावर, मागे काळोख, आणि त्या पिवळ्या डोळ्यांत कोणाबद्दल काहीच नाही. निवृत्तीने तो फोटो पाहिला, "बरा आहे" म्हणाला, आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावायला उठला.

पुढे डॉक्टर पुष्पांजलींनी दवाखाना नवा बांधला आणि तोच फोटो पुरुषभर मोठा करून बाकांसमोरच्या भिंतीवर लावला. निवृत्तीला रक्तदाब. दर महिन्याला त्या बाकावर बसावं लागतं. शेजारचे पेशंट एकमेकांना सांगतात, हा आपल्या भाजीवालीच्या पोराने काढला. सातपुड्यात तीन दिवस झाडावर बसला होता म्हणे. नाही, पाच दिवस. निवृत्ती ऐकतो. त्या फोटोतली एक जागा मात्र फक्त त्याला माहीत आहे: बिबट्याच्या डाव्या खांद्यावर राखेच्या रंगाची एक पुसट जाळी उरली आहे. तार धूसर झाली, पुरती गेली नाही. दुसऱ्या कोणाला ती दिसत नाही. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तशी त्याची नजर दर महिन्याला त्या खांद्यावर जाते, आणि तिथे ती राख अजून आहे हे बघून त्याला बरं वाटतं.

पण तेवढ्याने भागेना. गेल्या दिवाळीनंतर त्याने बायकोला, छायाला, सांगितलं की आपणही एक बिबट्या काढणार, जाळीची सावलीसुद्धा नसलेला. छायाने भाकरी थापता थापता विचारलं, "तुमाले बिबट्या पाहिजे का कुलदीप खाली पाहिजे?"

तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्याच प्राणिसंग्रहालयात गेला.

दुपारपर्यंत एकही फोटो धड आला नाही. भोक उघडायचं, पुढे जायचं, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून हात ऐकत नव्हता. कॅमेरा डोळ्याला लागला की पाय मागे जात, बोट अकराकडे जाई. तो शाळेच्या सहलीतल्या पोरांवर आदळला, मास्तरांची बोलणी खाल्ली. शेवटी पिंजऱ्यापाशी बादली घेऊन आलेल्या राखणदाराला त्याची दया आली. धम्मरत्न त्याचं नाव. तो म्हणाला की जाळीवर ऊन आहे तोवर तार चमकणारच. चारनंतर इकडच्या बाजूला सावली येते, आणि खाऊन झालं की चांदणी, म्हणजे ती बिबटी, मागच्या ओंडक्यावर जाते. तेव्हा या.

निवृत्तीने विचारलं, तुम्हाला फोटोतलं कसं काय कळतं. धम्मरत्नने खिशातून मोबाइल काढला. पडद्यावर तोच फोटो होता.

"नांदुऱ्याचा एक पोरगा आला होता. त्यानंच सांगतलं हे सावलीचं. मोठ्या मनाचा पोरगा, आठवणीनं फोटो पाठवला. तुमी ओळखता का त्याले?"

"नाही," निवृत्ती म्हणाला.

चारनंतर तो पाइपाला पोट टेकवून उभा राहिला. दोन पूर्णांक आठ, म्हणजे भोक सगळं उघडं. हा आकडा त्याने सव्वीस वर्षांत कधी लावला नव्हता. वीतभर अंतरावरची तार आधी जाड झाली, मग धूर झाली, मग नव्हतीच. चांदणीने मान वळवली. एकेचाळीस फोटोंतला एक स्वच्छ आला. खांद्यावर राखसुद्धा नव्हती. गाडीत बसून तो नांदुऱ्यापर्यंत तो फोटो बघत राहिला. फोटो कुलदीपच्या फोटोपेक्षा चांगला होता, आणि कुलदीपच्याच अकलेने आला होता. यातलं पहिलं तो सगळ्यांना सांगू शकत होता. दुसरं फक्त त्याला माहीत होतं, आणि तेच त्याला रस्ताभर खात राहिलं.

त्याने तो मोठा करून, वर्तमानपत्रात गुंडाळून डॉक्टर पुष्पांजलींकडे नेला. त्यांना फोटो मनापासून आवडला. मग त्याने चार वर्षं सांभाळून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. म्हणाला, मॅडम, एक सांगायचं होतं, बाहेरचा बिबट्या काही जंगलातला नाही.

"माहीत आहे ना," डॉक्टर म्हणाल्या. "कुलदीपने पहिल्याच दिवशी सांगितलं. तुमच्यासोबत गेला म्हणून मिळाला, हेही सांगितलं. झाडाच्या गोष्टी पेशंट लोकांच्या आहेत."

निवृत्तीचा फोटो त्यांनी आतल्या, इंजेक्शनच्या खोलीत लावला. तिथे माणसं भिंतीकडे पाठ करून उभी राहतात.

फाल्गुनात कुलदीप आपल्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. मुलगी देऊळगाव राजाची, डिंपल नावाची, लग्न तिकडेच. पत्रिकेवर अक्षता ठेवून तो पाया पडला आणि म्हणाला की व्हिडिओला जालन्याची माणसं आहेत, ड्रोन आहे, पण स्टेजवरचे फोटो भाऊ, तुम्हीच काढायचे.

"सगळी माणसं येतील असा फोटो तुमच्यासारखा कोणाले येत नाही."

निवृत्तीला ते कौतुक वाटलं नाही. याने बिबट्या स्वतःकडे ठेवला आणि मामा-आत्या आपल्याला दिल्या, असं वाटलं.

लग्न लागलं. जेवणं आटोपत आली तेव्हा स्टेजवर माणसं रांगेने उभी राहिली. चांगुणाबाई नव्या निळ्या पातळात होती. विधवा बाया राहतात तशी ती न सांगता सगळ्यांत मागे, दिरांच्या आडून, डाव्या कडेला उभी राहिली. एरवी निवृत्ती अशा बाईला हाक मारून पुढे घेतो. त्याच्या "कोणी राह्यलं का" या प्रश्नाचा अर्धा अर्थ तोच असतो. त्या दिवशी त्याने हाक मारली नाही. मागेही सरकला नाही. तो दोन पावलं पुढे गेला आणि बोटाने भोक उघडलं, अकरावरून थेट दोन पूर्णांक आठवर. ते का करतो आहे हे त्याला नीट माहीत होतं. या माणसाच्या घरात जन्मभर राहील असा एक फोटो त्याला बिघडवायचा होता.

काचेतून नवरा-नवरी कोरल्यासारखी दिसली. बाकीची माणसं विरघळली. काका, मावश्या, फेटे, सगळ्यांचा रंगीत धूर झाला. डाव्या कडेला एक निळा डाग होता.

तो डाग बोलला. "निवृत्तीभाऊ, मी येऊन राह्यली ना?"

"हाव वहिनी, आल्या," निवृत्ती म्हणाला आणि बटण दाबलं. एकदा नाही, पाच वेळा. आकडा त्याने बदलला नाही. रांगा मोडल्या, माणसं आइस्क्रीमकडे गेली.

नांदुऱ्याला परतल्यावर चौथ्या दिवशी कुलदीप फोटो बघायला आला. निवृत्तीने कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला आणि बाजूला उभा राहिला. कुलदीपचा चेहरा पडेल याची तो वाट बघत होता. त्याला सबबही तयार होती: उजेड कमी होता.

कुलदीप खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकला. मग वळला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"भाऊ, हे कधी शिकले तुमी? मागचा सगळा गोंधळ गेला. आमी दोघंच राह्यलो." पडद्याला हात लावत तो पुढे म्हणाला, "हाच मोठा करा, घरात लावतो. आणि सगळ्यांचा, आईसोबतचा, तर काढलाच असन तुमी. तो अल्बमात टाकजा."

"पाहतो," निवृत्ती म्हणाला. पाहण्यासारखं काही नव्हतं.

सव्वीस वर्षांत त्याच्या कुठल्याही फोटोला असं कोणी म्हटलं नव्हतं. दिवसभर तो त्या शब्दांभोवती फिरत राहिला. ते घेता येईनात, परत करता येईनात. फोटो खरोखर चांगला होता. त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला.

फ्रेम तयार झाली त्या सकाळी कुलदीप ऑर्डरवर गेला होता, म्हणून चांगुणाबाई घ्यायला आली. भाजीची टोपली तिने उंबऱ्याबाहेर ठेवली, हात पदराला पुसले आणि फ्रेम उजेडाकडे धरली. आधी पोराला पाहिलं, मग सुनेला. मग तिचं बोट काचेवरून हळूहळू मागच्या रांगेत गेलं. धुरातून एकेक रंग चाचपत डाव्या कडेला येऊन थांबलं.

"ही मी असन," ती म्हणाली. "निळं पातळ माहंच."

निवृत्ती म्हणाला की तिकडे उजेड कमी पडला.

"दुसरा नाही का एखादा?"

"नाही आला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तुम्ही तर 'आल्या' म्हणाले होते, असं ती म्हणेल म्हणून तो थांबला. तिने फक्त पदराने काचेवरचा आपल्या बोटाचा ठसा पुसून काढला.

"राहू द्या. पोरगा पाहा कसा आला. मी कायले पाहिजे त्याच्यात?"

ती हे खोटं बोलत नव्हती. निवृत्तीने तिच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं. कुठे राखेएवढंही काही नव्हतं. आणि याही गोष्टीचा त्याला हेवा वाटला.

"वहिनी, बसा जरा," तो म्हणाला. "तुमचा एक काढतो."

"आता? मेथी सुकून राह्यली," ती म्हणाली. फ्रेम टोपलीवर आडवी ठेवून तिने टोपली डोक्यावर घेतली आणि रस्त्याला लागली.

निवृत्ती कॅमेरा घेऊन दारापर्यंत आला. आकडा लग्नाच्या दिवसापासून दोन पूर्णांक आठवरच होता. तो त्याने फिरवून अकरावर आणला, डोळा लावला आणि सवयीने एक पाऊल मागे सरकला. सगळं स्वच्छ झालं. टोपली, मेथीच्या जुड्या, फ्रेमची सोनेरी कड, चांगुणाबाईची पाठ. आणि तिच्याही पुढे रस्त्यापलीकडचं काचेचं दार, त्यावरची पाटी, पाटीवरच्या कुलदीपच्या नावाचं अक्षर न् अक्षर.

बटण न दाबता कॅमेरा त्याने तसाच खाली घेतला.