काठवाल्या काकू

काठवाल्या काकूंना फोटोतली माणसं दिसायचीच नाहीत. लग्नाचा फोटो पुढं ठेवा नाहीतर बारशाचा, त्यांची नजर आधी कडेकडेनं फिरायची. नवरदेव तिरळा आहे की नवरी रुसलेली, याचं त्यांना सोयरसुतक नसे. "मानसं काय, हायेत तशीच राहणार," त्या म्हणायच्या, "काठ तेवढा आपल्या हातात असतोय."

सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन शिरड शहापूरला आले. काकू माझ्या चुलत सासूबाई, घराला घर लागून. त्या काळी नरसीला दर्शनाला गेलेलं कुटुंब रंगवलेल्या पडद्यापुढं ताठ उभं राहून फोटो काढून यायचं, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला तो फोटो काकूंकडं यायचा. काकू घोटीव कागद कातरून, कणकेची खळ लावून त्याला चारी बाजूंनी काठ चढवायच्या. नक्षी सगळी घरातलीच. चाळणीची भोकं, दुरडीची वीण, लुगड्यावरची रुईफुलं. एका तालेवार पाटलाच्या मिशांभोवती त्यांनी किसणीची नक्षी लावली होती, आणि खोटं कशाला बोलू, ती शोभतही होती. काच मात्र त्या लावू देत नसत. काचेखाली काठ गुदमरतो, असं त्यांचं म्हणणं.

या निरुपद्रवी कलेचा गावानं लवकरच वेगळा उपयोग शोधून काढला. एक गृहस्थ बांधावरून भावाशी भांडले आणि भिंतीवरचा फोटो घेऊन तणतणत आले. भावाला कातरीनं कापून काढायचं होतं. काकूंनी कातर मांडीखाली घातली. "कातरीनं तोडलेलं पुन्ना जुळत न्हाई, भाऊ. त्या अंगाचा काठ रुंद करते. झाकला म्हंजी झालं. खळीचं काय, वल्या फडक्यानं निघतंय."

झालं! तेव्हापासून ज्याचं ज्याच्याशी वाकडं, तो तो काठाखाली जाऊ लागला. नव्या सुनेला ही मोठीच सोय होती. कुणाच्याही घरी गेलं की आधी फोटो बघायचा. डावा काठ रुंद दिसला की समजायचं, पुसेगावच्या मेहुण्याचं नाव काढायचं नाही. समेट झाला की काकू काठ ओला करून सोडवायच्या, आणि मेहुणा पुन्हा भिंतीवर हसायला लागायचा.

मग ही पाळी काकूंच्याच घरावर आली. त्यांची एकुलती एक लेक शकू हिंगोलीला शिकायला होती. तिनं तिथल्या एका मास्तराशी लग्न केलं. मास्तर बौद्ध होते. गुणी माणूस, असं काकूंचे यजमान तात्या स्वतःच चारचौघांत सांगायचे. पण ते लग्नाच्या आधी. लग्नाची बातमी आली त्या दिवशी त्यांनी भिंतीवरचा तिघांचा फोटो काढून काकूंपुढं टाकला. "झाक तिला. या घरात तिचं नाव निघता कामा न्हाई."

काकूंनी एका शब्दानं वाद घातला नाही. मला रागच आला त्यांचा. मी म्हणाले, "काकू, तुमी काहून झाकता? तुमची लेक आहे ती." त्यांनी पेटीतून शकूचं लहानपणीचं दुपटं काढलं आणि त्याचे टाके बघून कागद कातरायला घेतला. "झाकायचंच हाय, तर तिच्या दुपट्यानंच झाकते. माज्या लेकराला दुसऱ्याचं पांघरूण नको."

खळ त्यांनी फक्त बाहेरच्या कडेला लावली. आतली कड सुटीच ठेवली. रोज केर काढताना त्या बोटानं काठ उचलायच्या, लेकीचं तोंड बघायच्या आणि पुन्हा केर काढायच्या.

काही महिन्यांनी एकदा त्यांनी मला खूण करून आत बोलावलं. सुट्या कडेच्या मागं चुन्याचा डाग पडला होता. काकू पान खात नव्हत्या, तंबाखूही नाही. चुन्याचं बोट त्या घरात एकाचंच होतं.

"मग बोला ना तात्यांशी!" मी म्हणाले.

"न्हाई बाई. बोलले तर मानूस लाजतंय, न् लाजलं की पुन्ना आडून बसतंय."

बोलण्याऐवजी त्यांनी कातर घेतली. दर चार-आठ दिवसांनी त्या काठ गव्हाच्या दाण्याएवढा कापायच्या. आधी शकूचं कोपर दिसलं, मग खांदा, मग वेणी. तात्या रोज त्या भिंतीखाली बसून जेवायचे. त्यांना शेतातला ढोराचा माग लांबून दिसायचा. इथं पोटची पोर हळूहळू बाहेर येऊन राहिली होती, ती काही दिसेना! मला त्या दोघांचं हसू यायचं, आणि भीतीही वाटायची. तात्यांनी एकदा तोंड उघडून विचारलं तर काकू काय सांगणार होत्या?

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलंच. मी भाजीचा वाटा द्यायला गेले होते. शकूचा एक डोळा काठाबाहेर आला होता.

"काठ आखूड झालाय का गं?"

काकूंनी मान वर केली नाही. "व्हय. खळ वाळली की कागद आखडतोय."

तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"आखडू दे," ते म्हणाले. "न् दिवाळीला पोरीला बोलीव. मास्तरलाबी."

काकू उठल्या, माझा हात धरून मला माजघरात नेलं आणि फळीवरची दोन ताटं खाली काढून घासायला बसल्या. दिवाळी अजून किती लांब होती!