नांगराला नांगर

माझ्या साडूने मला फसवले. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, धसईचा. फसवले तेही दिवसाढवळ्या. लोक म्हणतात, मी आपल्या तोंडाने फसलो. काय घडले ते त्यांना नीट ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

मी टोकावड्याचा. डोक्यावर गवताचे भारे वाहून सुरुवात केली आणि पुढे गवताचा व्यापारी झालो. भाव करताना मला मुरबाडात कोणी वाकवले नाही. दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास शहापूरकडे एका बागवाल्याने आपला लहान ट्रॅक्टर विकायला काढला. उंचीने गोऱ्ह्याएवढाच, पण मागची चाके लोखंडी, दातेरी. मागे साखळीने ओढत न्यायचा एक जुना लोखंडी नांगरही तिथे पडला होता. गंजलाय, गंजलाय असे दहादा म्हणून तो मी वर फुकट घेतला. घरी आणल्यावर कळले की माझ्या जमिनीत हे धूड वळतच नाही. माझी खाचरे म्हणजे डोंगराच्या पायऱ्या. बैलजोडीसुद्धा तिथे जेमतेम फिरते, आणि ती माझ्याकडे नव्हती.

साडूची जमीन मात्र नदीकाठी, सपाट, एकसलग. भात कापून झाले होते. ओल उडायच्या आत नांगरून वाल टाकायचा, ही दोघांचीही घाई. आमच्याकडे इरजिकीची रीत होती. आज माझे औत तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. मजुरी नाही, जेवण तेवढे. साडूच्या भावकीत सहा जोड्या होत्या. माझा ट्रॅक्टर त्याचे शेत एका दिवसात उलथील, त्याच्या सहा जोड्या माझी खाचरे एका दिवसात उरकतील, असे मी मनाशी धरले आणि म्हणालो, "नांगराला नांगर." तो म्हणाला, "बरं." पान खाल्ले, विषय संपला.

ठरल्या दिवशी अर्धे धसई बांधावर जमले होते. मेहुणीने चाकाला हळदकुंकू लावले. मी सीटवर बसलो, नांगराची दोरी ओढली, फाळ जमिनीत शिरला आणि ट्रॅक्टरचे तोंड क्षणभर वर उचलले गेले. मग तो रेटत निघाला. मी मागे वळून पाहिले आणि पुढे बघायचे विसरलो.

आमचा लाकडी नांगर जमिनीला ओरखडतो. हा तिला कुशीवर वळवत होता. फाळाच्या पाठीवरून माती सलग चढायची, वर जाऊन लवायची आणि उताणी पडायची. ओली, काळी, तेलाचा हात फिरवल्यासारखी. उन्हात तिच्यातून वाफ निघत होती. बगळे कुठून आले कोण जाणे, त्या आवाजाला न भिता पाठोपाठ चालू लागले. पलीकडच्या शेतातली गुरे चरायची थांबून माना वर करून उभी राहिली. मी आयुष्यभर जमिनीवरचे गवत विकले. तिच्या पोटात असे काही आहे, हे मला ठाऊक नव्हते.

साडूच्या म्हाताऱ्या बापाने त्या शेतात जन्मभर औत धरले होते. तो बांधावरून उतरला, वहाणा काढल्या आणि नांगराने पाडलेल्या तासात उभा राहिला. नडगीपर्यंत आत गेला. तळातले एक ढेकूळ उचलून बराच वेळ त्याने ते हातात धरले.

"ही माती कोनी बघितलीच नव्हती रे," तो म्हणाला. "माज्या बापानं पन नाय."

ऊन कलायच्या आत शेत संपले. मी यंत्र बंद केले तरी बांधावरून कोणी हलेना. मी गप्प बसलो, हे तालुक्यात कोणाला खरे वाटायचे नाही.

तिसऱ्या दिवशी मी सात माणसांचा स्वयंपाक मांडून वाट पाहत होतो. साडू आला. एक जोडी, एक नांगर.

बाकीचे मागून येतायत का, असे मी विचारले.

"कोन बाकीचे, साडूभाऊ? तुमचा एक नांगर आलता. हा घ्या तुमचा एक."

माझ्या एका नांगराने सहा जोड्यांचे काम केले, असे मी ओरडलो. तो बैलांच्या मानेवर जू ठेवत म्हणाला, "मंग सहा बोलायचं व्हतं. शब्द तुमचाच ना?"

माझ्या ओट्यावर बसलेले माझेच शेजारी हसले. गवतवाला सापडला, असे कोणीतरी म्हणाले. मी भाताची परात अंगणात भिरकावली. साडूने शांतपणे दिवसभर काम केले, दोन खाचरे झाली, जेवला आणि गेला. उरलेल्या पाच खाचरांची ओल आठवड्यात उडाली, भुई तडकली. त्या साली आमच्या घरी वाल झाला नाही. साडूचा झाला. मी मुद्दाम धसईला जाऊन पाहिला. एवढ्या उंचीचा, एवढ्या शेंगांचा वाल मी पाहिला नव्हता. राग असूनही बांधावरून माझा पाय निघेना.

म्हणूनच विचारतो. मजुरी मागत नाही, वालाची शेंगही नको. साडूने धसईच्या बाजारात चार माणसांसमोर उभे राहावे आणि बापाच्या हातातले ते ढेकूळ आठवून सांगावे, त्या दिवशी त्याच्या शेतात नांगर किती चालले, एक की सहा?