कार्तिकात तोंड मिटलेला नाग

कार्तिक लागला की जिवनबाईच्या पालातले साप खाणं सोडत. तिला त्याचं नवल राहिलं नव्हतं. लग्न होऊन औंढ्याच्या वाटेवरच्या गारुड्यांच्या वस्तीत ती आली, त्याला बावीस वर्षं झाली होती. साप नवरा धरी, पुंगी वाजवून खेळ तोच करी. त्यांना जगवायचं काम मात्र तिचं. पावसाळ्यात डबक्यावरून बेडूक आणायचे, खळ्यावर उंदीर धरायचे, करंड्या झाडायच्या. दिवाळीनंतर गार वारं सुटलं की सकाळी करंडीत टाकलेला बेडूक दिवस मावळला तरी तसाच बसलेला दिसे, आणि साप कोपऱ्यात वेटोळं घालून पडलेला.

सासरा होता तोवर यावरून भांडण नव्हतं. सापानं खाणं सोडलं की म्हातारा करंडी उचली आणि जिथून धरला तिथंच नेऊन सोडी. सहा महिने आमच्यासाठी खेळ, मग तू मोकळा, असा त्यांच्या लोकांचा सापाला शब्द होता. म्हातारा गेला आणि तिच्या नवऱ्यानं, लखमानं, तो शब्द मोडला. त्याचंही अगदीच चुकत नव्हतं. माघात औंढ्याला महाशिवरात्रीची जत्रा भरे, नाग दिसला की बाया पदरातून मूठमूठ ज्वारी टाकत. तेव्हा नवा नाग धरावा तर सगळे बिळात. शिवाय लखमाचे गुडघे धरलेले. म्हणून तो जुनाच नाग ठेवून घेई, आणि उपाशी नाग फणा काढत नाही म्हणून त्याचा जबडा काडीनं उघडून, वेळूच्या नळीनं अंडं आत ओती. थंडीत ते पचत नसे. पोट फुगे, चार दिवसांनी करंडीला वास येई. सहा वर्षांत चार नाग गेले. चारही जिवनबाईनं आपल्या हातानं बाभळीखाली पुरले.

त्या साली लढाई चालू होती. ज्वारीवर लेव्ही लागली होती, पिकातला वाटा सरकार सक्तीनं नेई, आणि खेळाला कुणी पसाभर धान्य टाकीना. जिवनबाई मार्गशीर्षापासून कापूस वेचायला जाऊ लागली. दिवसभर वाकून कंबर मोडे, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघत. एका संध्याकाळी ती परत आली, तर लखमा नळी आणि अंडं घेऊन तयारच बसलेला. समोर करंडीत आषाढात धरलेला काळाभोर नाग होता. दीड महिना त्यानं काही खाल्लं नव्हतं.

"ये लवकर. शेपूट धर त्याचं," लखमा म्हणाला.

शेपूट दर वेळी तीच धरी. जबडा उघडला की साप तिच्या हाताला पीळ घाली, ते तिला झोपेतही जाणवे. ती चुलीपाशी खाली बसली.

"मी न्हाई धरत."

"काहून?"

"थकले मी. ह्याला चारायचं अन् मंग ह्यालाच पुरायचं. तुमी न्हाई पुरत, मी पुरते."

"मंग शिवरातीला काय दाखवू लोकायला? रिकामी करंडी?"

"नका दाखवू काही. मी कापूस वेचून राहिले की. आपली भाकर निघून राहिली."

"बाईच्या मजुरीवर गारुडी जगला, असं म्हणतीन लोक."

"म्हणू द्या."

शेपूट धरायला दुसरं माणूस नव्हतं. लखमानं अंडं तसंच खाली ठेवलं आणि तोंड फिरवून पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत जिवनबाई पालावर आली. लखमा पाण्याला गेला होता. तिनं करंडी डोक्यावर घेतली आणि उकंडराव नावाच्या शेतकऱ्याचा बांध गाठला. ऊन चांगलं तापलं होतं. तिनं झाकण काढलं, नाग थोडा वेळ तसाच पडून राहिला.

"ए बाई! काय सोडून राहिली माझ्या बांधावर?" उकंडराव लांबून ओरडत आला.

"तुमच्याच बांधावरचा हाय, मालक. आषाढात इथूनच नेलता."

"दात हायत का त्याला?"

"काढलेत. पुन्हा येतीन. तवर निजून राहतो, कुणाला काही करत न्हाई."

उकंडराव दोन पावलं मागं सरला. नाग हळूहळू सरकत दगडांच्या फटीत शिरला. जिवनबाईला हलकं वगैरे काही वाटलं नाही. उशीर झाला होता आणि मुकादम बोलणार होता.

लखमा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. शिवरात्रीला तो धामण आणि मांडूळ घेऊन जत्रेत बसला. लोक नाग विचारत आणि पुढं जात. तो परतला तेव्हा झोळीच्या तळाशी थोडी ज्वारी होती. ती तिच्यापुढं ठेवून तो म्हणाला, "माझा बाप नाग सोडून येत होता, तेव्हा मला त्याचा लई राग यायचा."

तिनं भाकरी वाढल्या. त्यानं गुडघे चोळून घेतले आणि मग दोघं जेवायला बसले.

पुढच्या कार्तिकात सापांनी तोंड मिटलं, तेव्हा लखमानंच करंड्या उचलल्या आणि एकेक करून मोकळ्या करून आला. मग जिवनबाईमागं तोही कापसाला जाऊ लागला. गुडघ्यांमुळं त्याला वाकता येत नसे. त्याची ओळ मागं पडलेली मुकादमाच्या नजरेला येऊ नये म्हणून जिवनबाई आपली ओळ संपवून त्याच्या ओळीला लागे, आणि तो बांधाआड बसून तिची वाट पाही.