बोटीवरचं गाऱ्हाणं

आईला मुलुंडला न्यायचं हे माझं आणि भावाचं पक्कं ठरलं होतं. फक्त आईला सांगायचं बाकी होतं, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. का, तर म्हणे मी फटकळ आहे. चांगलं बोलायचं असलं की भाऊ पुढे, आणि वाईट बोलायचं असलं की ताई आहेच.

बाबा गेल्यापासून आई दिंडोशीच्या घरात एकटी राहते. गेल्या गणपतीच्या आधी ती न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. शेजारीण लोणच्याची बरणी परत द्यायला आली, बेल वाजवून दमली, शेवटी चावीवाल्याला घेऊन आली तेव्हा दार उघडलं. आणि आमची बाई अशी की आम्हाला तिने यातलं एक अक्षर सांगितलं नाही. शेजारणीने मला आठवडाभराने सांगितलं. मी ऑफिसातून तडक उठले, दिंडोशी गाठली आणि आईवर इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. आई शांतपणे म्हणाली, "पडलंय मी आणि बोंबलतंस तू."

त्या रात्रीपासून भावाला झोप नव्हती, खोटं कशाला सांगू. त्याच्या मुलुंडच्या घरी एक खोली रिकामी होती. वहिनी मनाने चांगली आहे, तिचीही ना नव्हती. पण आईला समोर बसवून विचारायची हिंमत कुणाला? मग भावाने क्रूझ काढली. सगळ्यांनी मिळून मोठ्या बोटीवर जायचं, आईला मजा करू द्यायची, ती खुशीत असताना विषय काढायचा, आणि परत आलं की गाडी दिंडोशीला न वळवता सरळ मुलुंडला न्यायची. "दोन दिवस राहा म्हणू, मग बघू," असं त्याचं गणित. मी म्हटलं, अरे, ती म्हातारी आहे, बोकड नाही हार घालून न्यायला. पण दुसरा उपाय मलाही सुचत नव्हता, म्हणून मी गप्प बसले.

खरं सांगायचं तर मला दोन्हीकडून धास्ती होती. ती पुन्हा पडली आणि शेजारीण गावाला गेलेली असली तर? आणि दिंडोशीचं घर बंद झालं तर माझं काय, हाही विचार यायचा. बोरिवलीहून कधीही उठावं, न सांगता जावं, आईच्या हातची बांगड्याची कढी ओरपून फरशीवर आडवं व्हावं, असं माझं ते एकच ठिकाण आहे. मुलुंडला मला चहा मिळेल, सरबत मिळेल, पण मी तिथे पाहुणी. पन्नाशी उलटलेल्या बाईने माहेर जाईल म्हणून रडायचं म्हणजे हसंच व्हायचं, त्यामुळे हे मी कुणाजवळ बोलले नाही.

असे आम्ही निघालो. आई, भाऊ, वहिनी, त्यांची दुसरीतली मुलगी, मी, माझा नवरा आणि कॉलेजातली लेक. बंदरावरच्या टर्मिनलवर पहिलाच घोळ आईने घातला. तिची बॅग मशीनमधून गेली आणि बाजूला काढली गेली. आत नऊवारीच्या घडीत गुंडाळलेला सोललेला नारळ, शेंडीसकट. बाहेरचं खाणं बोटीवर चालत नाही, असं तिथल्या बाईने सांगितलं. आई म्हणाली, हा खाऊचो नाय, दर्याक दिऊचो आसा. समुद्रात काही टाकलं तर दंड होतो, असं त्या बाईने आणखी सांगितलं. आईने तिच्याकडे असं पाहिलं की मीच जमिनीत जायची बाकी राहिले. नारळ तिथेच राहिला आणि आई वर येईपर्यंत कुणाशी बोलली नाही.

बोट म्हणजे काय, आख्खी सोसायटीच्या सोसायटी पाण्यावर. लिफ्ट, पोहण्याचा तलाव, थेटर, आणि जिकडे बघावं तिकडे खाणं. आईला बोटीचा अनुभव होता तो लग्न होऊन गावाहून मुंबईला आली तेव्हाचा. तेव्हा कोकणातून बोटीनेच यायचे. डेकवर ट्रंकेला टेकून बसायचं, शेजारी कोंबड्यांच्या पाट्या, आणि मुंबई येईपर्यंत ओकाऱ्या. त्यामुळे ही बोट हलत कशी नाही याचाच तिला संशय. सारखी विचारायची, सुटली काय गो? मी म्हणायचे, आई, मुंबई मागे राहिली कधीच. मग खिडकीतून बघून यायची.

मजा म्हणशील तर तिने केली. नातींबरोबर जादूचे प्रयोग बघितले, बुफेत पास्ता चाखून "मैद्याचो चिखल" असं जाहीर केलं, आणि मग डाळभातावर तूप मागून घेतलं. पण तिचा खरा जीव जडला केबिनमधल्या टीव्हीवर. त्यावर एक चॅनल होतं, त्यात फक्त नकाशा आणि नकाशावर आपली बोट, मुंगीच्या गतीने खाली सरकणारी. बाई तेच बघत बसायची. माझी लेक म्हणाली, आजी, यात काय बघतेस, हे हलत पण नाही. आई म्हणाली, गाव येवक होयो.

इकडे माझी मात्र वाट लागलेली. भाऊ जेवताना डोळ्याने खुणा करायचा, आता सांग म्हणून. मी तोंडात घास कोंबायची. आई छान हसत असायची आणि मला वाटायचं, आता हिच्या पानात माती कशाला कालवू? संध्याकाळी सांगू, असं म्हणत मी एक दिवस ढकलला. वहिनीने मला लिफ्टमध्ये गाठून हळूच सांगितलं की खोलीला नवीन पडदे लावून झालेत, कपाटही रिकामं केलंय. बिचारीने मनापासून केलं होतं. मला आणखीच अपराध्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने आम्हा सगळ्यांना उठवलं. अंघोळ करून, नऊवारी नेसून ही तयार. नकाशावर बोट तिच्या गावाच्या समोर आली होती. उठा, वर चला, गाऱ्हाणा घालूचा आसा.

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवाशी मोठ्याने बोलणं. गावच्या देवळात असो की घरात, काही नवीन करायचं असलं, कुठे निघायचं असलं की नारळ ठेवून घरातला मोठा पुरुष देवाला सगळं सांगतो. काय हवंय, काय नकोय, कुणाचं काय दुखतंय. प्रत्येक वाक्यापाठी बाकीच्यांनी हात जोडून एका सुरात म्हणायचं, व्हय म्हाराजा. त्यात विचार करायचा नसतो. कुणी शिंकलं की "शतायुषी" म्हणतो तसं ते आपोआप तोंडातून येतं. दिंडोशीला दर गणपतीत बाबा गाऱ्हाणं घालायचे आणि आख्खा मजला व्हय म्हाराजा करायचा. ते गेल्यावर कुणी घातलंच नव्हतं.

वरच्या डेकवर सकाळी चालायला आलेली माणसं होती. आम्ही एका कोपऱ्यात रेलिंगपाशी पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलो. किनारा दिसत नव्हता, नुसतं धुकट. नारळ नव्हताच, म्हणून आईने बुफेतलं एक केळं आणलं होतं, ते रुमालावर ठेवलं आणि भावाला म्हणाली, घाल. भाऊ मोठा साहेब आहे, मीटिंगा गाजवतो. पण हात जोडून त्याने सुरुवात केली ती, "हे देवा, आम्ही सर्व कुटुंबीय आज येथे उपस्थित असून." माझी लेक फिसकन हसली. पुढे त्याला काही सुचेना. आईने त्याच्या दंडाला हात लावून त्याला जरा बाजूला केलं आणि स्वतः पुढे झाली.

बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आईने डोळे मिटले आणि आवाज असा लावला की पुढे चाललेला एक माणूस थबकला.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"आज ही तुझी लेकरां दर्यार ईली आसत, त्यांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नारळ बंदरार काढून घेतल्यानी. ह्या केळा नारळ म्हणान मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी आवाज जास्त आले. मागे वळून पाहिलं तर हाफ चड्डीतला तो थबकलेला माणूस हातातला कॉफीचा कप खाली ठेवून हात जोडून उभा होता, आणि त्याची बायको, आणि आणखी दोघंतिघं. आपली माणसं कुठे लपतात थोडीच.

मग आई रंगात आली. सुनेची पाठ बरी कर. मोठ्या नातीचा अभ्यास होवंदे. जावयाची ॲसिडिटी जावंदे. प्रत्येकाला आम्ही व्हय म्हाराजा करत होतो, हसत होतो, ऊन अंगावर घेत होतो. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच आम्ही असे सगळे एका आवाजात काही म्हणत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. आईने दमही घेतला नाही, त्याच सुरात पुढे म्हणाली,

"आणि ही म्हातारी दिंडोशीक आपल्या घरात रवता, तिका थयच सुखान रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. मी म्हटलं, वहिनीने म्हटलं, भावानेही म्हटलं, चांगलं खणखणीत. म्हणून झाल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मुलुंडच्या खोलीक निळे पडदे लावलेले आसत, ते पावण्यांच्या कामी येवंदेत रे म्हाराजा!"

आम्ही गार. पण कॉफीवाल्याच्या घरादाराला काय माहीत? त्यांनी जोरात व्हय म्हाराजा केलं. वहिनीने आपल्या मुलीकडे पाहिलं. ती भोळेपणाने म्हणाली, "मी आजीला सांगितलं ना, टर्मिनलवर. तुझे पडदे निळे आहेत म्हणून." म्हणजे बाई बोटीवर चढायच्या आधीपासून सगळं जाणून होती. आम्ही डोळ्याने खुणा करत होतो, लिफ्टमध्ये कुजबुजत होतो, आणि ही तूपभात खात आमची मजा बघत होती.

"आई, एक मिनिट," भाऊ म्हणाला.

"गाऱ्हाणा मधी तोडूचा नसता," आईने डोळे न उघडता सांगितलं आणि देवाकडे वळली. "न्हाणीत धरूक दांडो बसवची बुद्धी ह्या झिलाक दी रे म्हाराजा! चेडवान रोज सकाळी फोन करूचो. मी उचललंय नाय, तर शेजारणीकडे चावी ठेवलेली आसा, ती येवन बघीत. आणि घसराक झाला, तर म्हातारी आता लपवची नाय, खरा काय ता सांगात रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. झील म्हणजे भाऊ आणि चेडू म्हणजे मी, तेव्हा हे मी न विचार करता म्हटलं नाही, समजून म्हटलं. छातीवरचा धोंडा उतरला होता. मला काही सांगायचं उरलं नव्हतं, आणि माझं घर जागच्या जागी होतं. तिच्या पडण्याचीही भीती तिने झटकून टाकली नव्हती, ती भीती तिने स्वतःच देवासमोर मांडली होती. एवढं तर आम्हीही कधी नीट बोललो नव्हतो.

भाऊ मात्र रेलिंग घट्ट धरून पाण्याकडे बघत होता. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त त्याला भीती वाटत होती, ते मला दिसत होतं. त्याने आईला टाकलं असं उद्या लोक म्हणतील, त्याला स्वतःलाच तसं वाटेल. आईलाही ते दिसलं असावं. कारण तिने डोळे उघडले, देवाकडे न बघता त्याच्याकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"आणि ज्या दिवशी माका एकटीक जमाचा नाय, त्या दिवशी मी आपणान सांगतलंय. त्या दिवशी ह्या माझ्या झिलान 'आम्ही तेव्हाच सांगलेला' असा म्हणू नये. गपचूप येवन माका घेऊन जावचा रे म्हाराजा."

ती कॉफीवाली मंडळीसुद्धा गप्प राहिली, त्यांनाही कळलं असावं की हे त्यांनी म्हणायचं नाही. भावाने रेलिंगवरचे हात काढले, शाळेतल्या मुलासारखे जोडले, आणि आईच्या डोळ्यांत बघत एकट्याने म्हणाला,

"व्हय म्हाराजा."