दाजींच्या खिशातली नळाची मूठ

माझे दाजी, फिडेन्सिओ बॅरिएन्तोस, कुणाच्याही घरी कामाला गेले की आधी अंगणातला नळ बंद करतात आणि त्याची मूठ काढून खिशात घालतात. नमस्कार-चमत्कार मागाहून. लोकांना वाटतं, म्हातारा विक्षिप्त आहे. आहेच. पण त्या मुठीचं कारण मला ठाऊक आहे. मी तिथं होतो.

डॅलसची काळी माती आतल्या गाठीची. पावसात फुगते, ऑगस्टमध्ये भेगाळते आणि आकसताना घराचा एखादा कोपरा घेऊन खाली बसते. म्हणून इथं उन्हाळ्यात भिंतीलगत भोकांचा पाइप टाकून घराच्या पायाला पाणी घालतात. झाडांचं नंतर बघतात. एकतीस वर्षं खचलेली घरं उचलून सरळ करणाऱ्या दाजींनी हे दारोदार सांगितलंय. लॉरेटा गेन्सबाईंनाही त्यांनीच बजावलं होतं, "बाई, घराला रोज पाणी. खाडा नाही."

तरी त्या ऑगस्टमध्ये बाईंचं लाकडी घर स्वयंपाकघराकडून खचलं. दाजी आणि मी, दोघंच गेलो. घर खांबांवर, जमिनीपासून जेमतेम दोन हात वर, खाली सरपटतच जायचं. दोन जॅक लावून तुळई उचलली, कुजका खांब काढला आणि नवा बसवायला दाजी आत शिरले. खालच्यानं सांगायचं, बाहेरच्यानं ऐकायचं, हा आमचा नियम. मी कडेला पोटावर पडून जॅकचा दांडा धरला होता.

माझं कोपर ओलं झालं. दोन महिने पावसाचा थेंब नव्हता. बघतो तर भिंतीलगतचा पाइप झिरपतोय आणि डाव्या जॅकखालची फळी चिखलात सरकतेय.

"दाजी, बाहेर या."

"का?"

"पाणी सोडलंय कुणीतरी."

तेवढ्यात तो जॅक कलंडला. तुळई करकरत चार बोटं खाली आली आणि दाजींच्या खांद्यावर टेकली. वर कपाटात बशा खळखळल्या. ताईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

"ताचो," दाजी हळूच म्हणाले, "रडतोयस काय?"

"नाही."

"मग नळ बंद कर. तिसरा जॅक आण आणि आत कोरड्यात लाव, माझ्या पायापाशी. खाली दोन फळ्या घाल."

नळ बंद केला आणि रागाच्या भरात त्याची मूठच उपटून खिशात कोंबली. जॅक ढकलत आत शिरलो.

"एक दाब दे. थांब. आता घर काय म्हणतंय ते ऐक."

"भराभर मारतो ना, दाजी."

"भराभर मारलास तर उजवाही जाईल. मग बहिणीला दुसरा नवरा बघ. तिच्या हातचं जेवणारा मिळायचा नाही."

मला हसू आलं नाही. त्यांचा श्वास तुटत होता. अकराव्या दाबाला कागद जाईल एवढी फट दिसली. चौदाव्याला खांदा मोकळा झाला. पाय धरून मी त्यांना बाहेर ओढलं.

मागच्या दारात बाई उभ्या होत्या, गार चहाचे दोन ग्लास घेऊन. "फिडेन्सिओ, आज सकाळीच पाणी सोडलं बरं का. म्हटलं, माती मऊ असली की घर अलगद उचललं जाईल."

मी तोंड उघडणार, तोच दाजींनी माझं मनगट धरलं. "बाई, चूक माझी. पाणी घाला म्हणालो, कधी घालू नका ते सांगितलंच नाही. आज नको होतं."

बाईंनी त्यांच्या खांद्यावरचं रक्त पाहिलं. "तू खाली होतास?"

"होतो."

बाईंनी ग्लास पायरीवर ठेवले. माझ्या खिशातून डोकावणारी मूठ घेतली आणि दाजींच्या तळहातावर ठेवली. "काम होईपर्यंत ही तुझ्याकडेच असू दे. आमचे हे गेल्यापासून हे घर मी तुझ्या शब्दावर उभं ठेवलंय. तू सांगशील ते मी करते, विचारत नाही."

दाजींनी रक्ताळलेला खांदा एकदा हलवून बघितला. मग मूठ खिशात घातली. खांब बसवायचा राहिलाच होता. आम्ही कोरडी जागा बघून जॅक लावले आणि ते पुन्हा घराखाली शिरले.