मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

आमच्या ह्यांचा उजवा बूट डाव्याच्या आधी झिजतो. डावा अगदी दुकानातून आणल्यासारखा असतो, तेव्हा उजव्याचा तळ पार गेलेला असतो. बूट शिवणाऱ्याने एकदा मला हळूच विचारलं होतं, साहेब लंगडतात का म्हणून. लंगडत नाहीत, गाडी शिकवतात, असं मी त्याला सांगितलं. त्याला काही कळलं नाही आणि त्या वेळी मलाही फारसं कळलेलं नव्हतं.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणारा कुणाच्या अंगावर जायला लागला की मास्तरांनी तो दाबायचा. त्या सीटवर आमच्या ह्यांनी सत्तावीस वर्षं काढली. अर्धं शहर त्यांच्या हाताखाली शिकलं आणि सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही इथे मास्तरच म्हणते. घरात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

माणूस इतका मऊ की आवाज चढवणं त्यांना जमतच नाही. समोरच्या फुटपाथवर दुसऱ्या एकाची शाळा आहे. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही, सगळे त्याला खडूस म्हणतात. त्याचं ओरडणं कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत ऐकू जायचं. त्याच्या गाडीतून माणसं डोळे पुसत उतरायची आणि पहिल्या परीक्षेत पास व्हायची. आमच्या गाडीतून हसत उतरायची आणि पहिल्या परीक्षेत हमखास आपटायची. मी ते नशिबावर ढकलत असे.

परवाना हातात पडला की यांचे विद्यार्थी पहिल्या शनिवारी शहराबाहेर पळायचे. अडीच तासांवरचं मोठं तळं, तीन तासांवरचं डोंगरातलं थंड गाव, जंगलातला धबधबा. सोमवारी कुणीतरी फोटो दाखवायला यायचंच. एक दातांची डॉक्टरीणबाई तर आईला सोबत घेऊन तळ्यावर गेली आणि मास्तरांसाठी तिथला एक गुळगुळीत दगड घेऊन आली. तो अजून आमच्या टीव्हीवर आहे. असं ऐकून ऐकून यांना सगळे रस्ते पाठ झाले होते. टोलनाक्यानंतर स्वच्छ बाथरूम कुठे, कोणत्या वळणावर समोरचं दिसत नाही, तळ्याच्या अलीकडचा चढ कुठे सुरू होतो, सगळं. नवीन माणसाला ते पाठकोऱ्या कागदावर नकाशा काढून द्यायचे. आम्ही दोघं मात्र शहराच्या शेवटच्या पेट्रोल पंपापलीकडे कधी गेलो नाही.

दरवर्षी मी तळ्याचा विषय काढायचे. पुढच्या शनिवारी बघू, असं ठरलेलं उत्तर यायचं. शनिवारी शिकणाऱ्यांची गर्दी आणि रविवारी त्यांना गाडीचं तोंड बघवायचं नाही. शेवटी मी हात टेकले.

मग गेल्या वर्षी ते दाराच्या चौकटीवर आपटायला लागले. आधी खांदा, मग कोपर. मी थट्टा केली की दार वीस वर्षं तिथेच आहे. तिसऱ्यांदा आपटले तेव्हा थट्टा सुचली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं स्वच्छ दिसतं, पण दोन्ही बाजू हळूहळू आत सरकतायत. औषध घातलं तर सरकणं मंदावेल, गेलेलं परत येणार नाही. गाडी या वर्षापुरती, तीही ओळखीच्या रस्त्यांवर, नंतर सोडायची.

घरी येऊन त्यांनी हात धुतले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तळं राहिलंच की गं."

मला रडू आलं आणि रागही आला. सत्तावीस वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, तेव्हा कुठे होता हा माणूस? पण त्यांचा चेहरा बघितला आणि राग गिळला. त्यांनीच तोड काढली. मी शिकायचं, मी चालवायची आणि त्यांना दिसतंय तोवर तळं बघून यायचं. मला बावन्न पूर्ण झाली होती. त्यांचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हटलं.

तीन महिने रोज सकाळी मी शिकले आणि काय सांगू, मी कमाल होते. पाण्याच्या टाकीमागे एक उभा चढ आहे. भलेभले तिथे घामाघूम होतात. माझी गाडी तिथे बोटभरही मागे जात नसे. बहिणीला मी फोनवर सांगितलं की माझ्या पायांना मुळातच समज आहे.

परीक्षेच्या दिवशी शेजारी तपासनीस बाई बसल्या. मांडीवर फाइल, दोन्ही पाय सीटखाली ओढलेले. सरळ रस्त्यावर सगळं ठीक झालं. चढावर थांबवून पुन्हा निघायला सांगितलं आणि गाडी मागे घरंगळली. मी घाबरून क्लच सोडला, गाडी बंद पडली. पुन्हा तेच, तिसऱ्यांदाही तेच. बाईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि उतरा म्हणाल्या.

मास्तर झाडाखाली पाण्याची बाटली घेऊन एका पायावर भार देऊन उभे होते. उजव्या बुटाची टाच उचललेली होती. तीन महिन्यांपूर्वी मीच आणलेला बूट, आणि तळ गेलेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

घरी जाताना गाडी ते चालवत होते. सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं, "तुम्ही पाय लावत होतात?"

"कधीकधी."

"चढावर?"

"चढावर रोजच." मग म्हणाले, "तू घाबरलीस की मला बघवत नाही."

"घाबरू द्यायचं होतं मला," मी म्हणाले. "घाबरले असते, पण शिकले असते."

त्या दिवशी मला नुसती गाडी आठवत नव्हती. डॉक्टरांशी बोलणं, फॉर्म भरणं, घरमालकाशी वाद घालणं, सगळीकडे माझ्या आधी त्यांचा पाय पडलेला होता. मी त्याला माया समजत आले आणि ती मायाच होती. तीच तर पंचाईत, धड भांडताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडून खडूसकडे नाव घातलं. त्याने मला ओळखलं, पण एका शब्दाने डिवचलं नाही, हे त्याचं मोठेपण. गाडीत मात्र हाताची घडी घालून बसायचा. चढावर मी मागे घरंगळले की ओरडायचा, "जाऊ दे मागे. किती जाते ते कळू दे." पहिल्या दिवशी मी रडले. घरी सांगितलं नाही. घरी मास्तर तोंड फुगवून बसलेले. आपली बायको समोरच्या शाळेत जाते, हे सगळ्या गल्लीने बघितलं होतं. आठवडाभर आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. आठव्या दिवशी सकाळी दाराशी माझा चष्मा पुसून ठेवलेला दिसला आणि शेजारी पाण्याची बाटली. सहाव्या आठवड्यात मी पास झाले.

वर्षअखेरीला शाळा बंद केली. गाडीच्या टपावरची पाटी त्यांनी स्वतः उतरवली. शेजारच्या सीटचे ब्रेक आणि क्लच तेवढे काढायचे राहिले. मेकॅनिकला वेळ नाही, असं ते रोज सांगायचे. मेकॅनिकचं गॅरेज आमच्या खिडकीतून दिसतं, तो दिवसभर पत्ते खेळत असतो.

शनिवारी सकाळी निघालो. शहराचा शेवटचा पेट्रोल पंप मागे पडला. मग ते पुढचं पुढचं सांगायला लागले. आता टोलनाका, आता डावीकडे रोपवाटिका, आता ते वळण. सगळं त्यांनी सांगितलं तसं येत गेलं. पाय मात्र दर ब्रेकला हवेत उचलले जायचे आणि परत खाली जायचे. दाबत नव्हते, हे मला कळत होतं. पण ते पाय दिसले की माझा धीर अर्धा होत होता.

तळ्याच्या अलीकडचा तो चढ आला. शहरातल्या गाड्यांची रांग लागलेली, त्यातल्या निम्म्या यांच्याच विद्यार्थ्यांच्या असतील. बरोबर मधोमध आम्ही थांबलो. मागे एक बस येऊन चिकटली, आरशात नुसतं तिचं तोंड दिसत होतं. पुढची गाडी हलली. माझी नजर आपोआप त्यांच्या बुटांकडे गेली.

त्यांनी माझी नजर बघितली. मग खाली वाकले, नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढून मागच्या सीटवर टाकले, पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले. जेवायला बसतात तसे.

"तुझं तू बघ," म्हणाले आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

बसने हॉर्न दिला. गाडी वीतभर मागे गेली. पण किती जाते ते मला ठाऊक होतं. हँडब्रेक ओढला, क्लच अर्ध्यावर आणला, गाडी थरथरली, हँडब्रेक सोडला आणि ती वर निघाली. मास्तर खिडकीबाहेरच बघत होते, पण दोन्ही गुडघे हातांनी घट्ट धरलेले होते.

वर गाडी लावली तेव्हा त्यांना उतरता येईना. पायांना मुंग्या आल्या होत्या. मी पलीकडे जाऊन दार उघडलं, हात दिला आणि मागच्या सीटवरचे बूट त्यांच्या पायात घातले. तसेच लंगडत ते काठापर्यंत आले. तळं खरंच मोठं होतं. त्यांनी एका टोकाला बघितलं, मग मान हळूहळू फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत नेली आणि पुन्हा उलटी आणली.

"किती दिसतंय?" मी विचारलं.

"मान वळवली की सगळं."

आम्ही दुपारपर्यंत तिथे बसलो. निघताना गाडीत बसायच्या आधी त्यांनी बूट काढले आणि डिकीत टाकले.